डाळ गल्लीचा उत्सव आणि चौबळांची हरकत

शैलेश चौबळांना उत्सव मनापासून आवडतात. ते दुसऱ्याच्या गल्लीत व्हावेत, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते. पुण्याचे गणपती ते बघून आले आहेत, गोव्याचा कार्निव्हल सहकुटुंब बघून आले आहेत, आणि राजस्थानातल्या कुठल्याशा मेळ्यात उंटावर बसून काढलेला त्यांचा फोटो हॉलमध्ये टांगलेला आहे. त्या मेळ्यातला नगारा कुणाच्या खिडकीखाली वाजत होता, ही चौकशी त्यांनी उंटावरून केली नव्हती.

त्यांची स्वतःची खिडकी पनवेलच्या जुन्या बाजारात, डाळ गल्लीवर उघडते. नावात डाळ असली तरी डाळीचे व्यापारी केव्हाच कळंबोलीकडे गेले. आता गल्लीत मोबाइलची कव्हरं, भांडी, ब्लाउजपीस आणि सकाळच्या वेळी ताजी मासळी मिळते. चौबळ पहिल्या मजल्यावर राहतात. पहिला मजला म्हणजे लाउडस्पीकर बांधायला जेवढी उंची लागते, बरोबर तेवढा. विमा कंपनीच्या दावा विभागातून ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं होतं, की चौबळांनी नामंजूर केलेला दावा पुढे ग्राहक मंचातसुद्धा कधी मंजूर झाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौबळांना त्या जरा कमीच वाटल्या.

तर अशा या चौबळांना बातमी लागली ती ताहेरभाईंच्या दुकानात. ताहेर मुकादमांचं भांड्यांचं दुकान चौबळांच्या घराच्या बरोबर खाली. दोस्ती इतकी जुनी, की रोज सकाळी पेपर चौबळांचा आणि चहा ताहेरभाईंचा, हा करार कुणी केला आणि केव्हा केला हेही आता दोघांना आठवत नाही. त्या रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ती गर्दी गिऱ्हाइकांची असती तर ताहेरभाईंनी पेढे वाटले असते. पण जमली होती ती गल्ली, आणि मधोमध लॅपटॉप उघडून प्रांजल उभी होती.

प्रांजल म्हणजे गल्लीच्या तोंडाशी मासळी विकणाऱ्या गंगाबाईंची नात. आजीने तिला शिकवलं, आणि आता ती उलव्याच्या एका कंपनीत लोकांची लग्नं, वाढदिवस आणि बिल्डरांची भूमिपूजनं साजरी करून देते.

"शनिवार-रविवार, दोन संध्याकाळी गल्ली गाड्यांना बंद," ती सांगत होती. "खाण्याचे स्टॉल, लोककला, लाइव्ह म्युझिक. डाळ गल्ली स्ट्रीट फेस्टिव्हल! सगळे मॉलमध्ये जातात ना? आपण मॉलच रस्त्यावर आणायचा."

"बहोत खूब!" ताहेरभाई म्हणाले. त्यांच्या दुकानात हल्ली लोक येत, कुकर उचलून बघत, त्याचा फोटो काढत आणि तोच कुकर घरी जाऊन फोनवरून मागवत.

"आणि हे लाइव्ह म्युझिकचं स्टेज कुठे?" चौबळांनी विचारलं.

प्रांजलने लॅपटॉपच्या नकाशावर बोट ठेवलं. चौबळांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. त्यांचीच खिडकी होती.

ते तावातावाने वर आले. "किशोरी, हे आपण होऊ द्यायचं नाही!"

"होऊ द्यायचं नाही म्हणजे?" किशोरीताई वाल निवडत होत्या. "मी स्टॉल घेतलाय. बिरड्याचा. ताहेरभाईंची बेगम शहाबानो माझ्या शेजारी सांदणं लावणार आहे."

शत्रू तटाला भिडण्याआधीच किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला गेला होता. आता चौबळांना बाहेरच्या मदतीची गरज होती, आणि पनवेलमध्ये सल्ला ही एकच वस्तू अशी आहे जी घरपोच मिळते आणि परत घेतली जात नाही. समोरचे ब्लाउजपीसवाले जीवनशेठ म्हणाले, सरळ हायकोर्टात जा, माझ्या साडूच्या ओळखीचा वकील आहे. त्यांनी स्वतः दोन स्टॉल घेतलेले होते हे नंतर कळलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आपलं जुनं श्रवणयंत्र देऊ केलं. ते लावलं की काहीच ऐकू येत नाही, म्हणाले. कुणी सांगितलं, दोन दिवस माथेरानला जाऊन या. आपल्याच घरातून आपणच हद्दपार व्हायचं, हा उपाय इंग्रजांच्या काळी शिक्षा म्हणून देत असत, असं चौबळांचं म्हणणं पडलं.

शेवटी त्यांनी आपल्या ओळखीचं हत्यार काढलं. हरकत घेऊन ते प्रभाग कार्यालयात गेले.

खिडकीवर मिताली मॅडम होत्या. त्यांनी हरकत वाचली. इतकं शुद्ध मराठी त्या खिडकीतून आत आल्याला बराच काळ लोटला असावा, कारण त्यांनी ती दोनदा वाचली.

"सर, छान लिहिलंय. पण ही हरकत कशावर?"

"उत्सवावर."

"उत्सवाचा अर्ज आलाय का?"

"अजून नाही."

"मग मी ही लावू कुठल्या फाइलला? अर्ज आला की फाइल होणार, फाइल झाली की तिच्यात हरकत लागणार." मॅडमनी कागद अलगद परत सरकवला. "आधी अर्ज येऊ द्या."

यात चूक काहीच नव्हती. दावाच आला नसेल तर तो नामंजूर तरी कसा करणार? चौबळांना ते तत्काळ पटलं, आणि हेच पटणं त्यांना पुढे भोवलं.

त्यांनी प्रांजलला गाठलं. "अर्ज कधी करताय?"

"अर्ज नाही करणार काका. मागितली की परमिशन देत नाहीत. करून टाकायचं, मग बघू."

चौबळांना घाम फुटला. खिडकीखाली ढोल वाजणं एक वेळ ते सहन करू शकले असते; विनापरवाना ढोल वाजणं शक्य नव्हतं. "अगं, मग मी हरकत कशावर घेऊ?"

"तुम्हाला हरकत घ्यायचीय?"

"अर्थात!"

प्रांजलने विचार केला. ती हुशार मुलगी आहे, हे चौबळांनी त्याच वेळी ओळखायला हवं होतं. "मग काका, तुम्हीच लिहा ना अर्ज. आम्हाला कुठे येतंय तसलं? तुम्ही अर्ज लिहा, मग तुमची हरकत घ्या. फेअर आहे की नाही?"

चौबळ रात्री टेबलाशी बसले. मनात असतं तर अर्जात मुद्दाम चार भोकं ठेवता आली असती. त्यांनी प्रयत्नही केला. पण वाईट मसुदा लिहायला हातच तयार होईना. एक वाक्य सैल सोडलं की जीव कासावीस व्हायचा आणि ते खोडून घट्ट करावं लागायचं. वाहतूक कुठून वळवणार, आग लागली तर बंब कुठून शिरणार, कचरा कोण उचलणार, आवाज किती ठेवणार, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कुठे, सगळं आलं. सातव्या कलमात तर त्यांनी स्वतःवरच मात केली: 'उत्सवकाळात व तत्पूर्वी सदर रस्ता सर्व प्रकारच्या अतिक्रमणांपासून मुक्त ठेवण्यात येईल, अशी अर्जदार हमी देत आहे.' हे वाक्य त्यांनी किशोरीताईंना उठवून वाचून दाखवलं. त्या "बरं" म्हणून कूस बदलून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर कळलं, की अर्जदार त्याच गल्लीतला घरमालक पाहिजे आणि घरपट्टीच्या कागदावर त्याचंच नाव पाहिजे. ताहेरभाईंचं दुकान अजून त्यांच्या मरहूम आजोबांच्या नावावर होतं. जीवनशेठचा भावाशी दावा चालू होता. प्रांजल तर राहायलाच उलव्याला. सगळी गल्ली चाळून झाली तेव्हा लख्ख, निर्दोष, वादातीत कागदपत्रं असलेला एकच माणूस निघाला. तो खिडकीसमोरच उभा होता.

"अर्जदार, शैलेश चौबळ," मिताली मॅडमनी लिहून घेतलं. शिक्का मारला. "झालं सर. फाइल तयार."

"आता ही हरकत घ्या."

मॅडमनी ती घेतली. "हरकतदार, शैलेश..." आणि पेन थांबलं. "सर, अर्जदार आणि हरकतदार एकच?"

"नियमात कुठे मनाई आहे का?"

मॅडमनी नियम काढले. शेजारच्या टेबलावरच्यांना विचारलं. आतल्या केबिनमध्ये जाऊन आल्या. मनाई कुठेच नव्हती. असा माणूस निपजेल अशी कल्पनाच नियम करणाऱ्यांना आली नसावी. हरकत दाखल झाली. त्या दिवशी चौबळ घरी आले तेव्हा त्यांची मान जरा ताठ होती. किल्ल्याला वेढा घालणारेही तेच होते आणि शिबंदीही तेच होते, पण दोन्हीकडची शिस्त उत्तम होती.

पुढचे दिवस मात्र त्यांच्या स्वभावाने खाल्ले. अर्जदार म्हणून ना-हरकत दाखले गोळा करणं त्यांच्यावर आलं. चौबळांचा हिशोब सोपा होता: कुठलं ना कुठलं खातं नाही म्हणेल, आपल्या पायातला काटा आपोआप निघेल. वाहतूक चौकीतल्या हवालदारांनी तसं म्हटलंही. कागद न उघडता ते म्हणाले, "जमणार नाही. रस्ता लहान आहे."

चौबळांनी मनात गुढी उभारली. हात जोडून निघालेसुद्धा. दारापर्यंत गेले आणि दावा विभागातलं रक्त उसळलं. ते परत फिरले.

"कुठल्या कलमाखाली जमणार नाही?"

"कलम कसलं? रस्ता लहान आहे म्हटलं ना."

"नकार द्यायचा तर कारण द्या, साहेब. लहान म्हणजे किती? मोजलाय? मी मोजलाय. पान तीन बघा. मागच्या गल्लीतून वळवलं की रिक्षा, टेम्पो सगळं जातं. आम्हीसुद्धा आयुष्यभर नकारच दिले, पण असा उघडाबोडका नकार कधी दिला नाही!"

तासाभराने दाखला हातात घेऊन ते बाहेर पडले आणि पायरीवर कपाळाला हात लावून बसले. अग्निशमनवाल्यांकडे हेच झालं. आवाजाच्या परवानगीला हेच झालं. जिथे जिथे कुणी उत्सवाला नाही म्हणे, तिथे तिथे ते 'नाही' इतकं गचाळ असे, की चौबळांना त्याचा पराभव केल्यावाचून राहवत नसे. प्रत्येक विजयानंतर गल्लीत त्यांचा सत्कार होई. प्रांजलने तर बॅनरवर त्यांचं नाव 'मार्गदर्शक' म्हणून छापलं. चौबळांनी ते काढायला लावलं. तिने बदलून 'प्रेरणास्थान' केलं.

शेवटची आशा सुनावणी होती. सभागृह भरलं होतं. जुन्या बाजारात असे उत्सव होऊ द्यावेत की नाही, यावर अवघ्या पनवेलला मत असल्याचं त्या दिवशी दिसलं. एक बाई म्हणाल्या, मुलांना आपली संस्कृती कळली पाहिजे. त्यांचा मुलगा शेजारी कानात बोळे घालून बसला होता. दवाखानावाल्या डॉक्टरांनी पेशंटचं काय, असं विचारलं. एक गृहस्थ उठले आणि त्यांनी सूचना केली, की उत्सव कर्नाळ्याला न्यावा, तिथे जागा मोकळी आहे.

"कर्नाळ्याला पक्षी आहेत!" मागून कुणी ओरडलं. "त्यांना त्रास होतो!"

"मग इथे काय आहे?"

"इथे आम्ही आहोत!"

यावर दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या, कारण वाक्य नेमकं कुणाच्या बाजूचं हे कुणालाच कळलं नाही.

खुर्चीवरच्या साहेबांनी फाइल उघडली. "हरकतदार श्री. चौबळ."

चौबळ डावीकडे जाऊन उभे राहिले आणि बोलले. आवाज, गर्दी, वृद्धांची झोप, बंद झालेली वाट. उत्तम बोलले. किशोरीताईंनासुद्धा क्षणभर आपण बिरडं करतोय याची लाज वाटली.

"आता अर्जदार... श्री. चौबळ." साहेबांनी चष्मा वर केला. "तुम्हीच का?"

चौबळ उजवीकडे गेले. ठरवलं होतं की गुळमुळीत काहीतरी बोलायचं आणि हरायचं. पण समोर भरलेलं सभागृह, हातात आपलाच मसुदा, आणि नुकताच कुणीतरी केलेला तडाखेबंद हल्ला. उत्तर न देता बसणं म्हणजे आपल्या लेखणीचा अपमान. त्यांनी पहिला मुद्दा पान दोनने खोडला, दुसरा पान तीनने. "हरकतदारांनी परिशिष्ट नीट वाचलेलं दिसत नाही. या मसुद्यात बोट घालायला जागा नाही," असंसुद्धा ते बोलून गेले. डॉक्टरांच्या पेशंटसाठी वाट मोकळी ठेवलेली होती, ती नकाशावर दाखवली. डॉक्टर खाली बसले.

"निराकरण समाधानकारक आहे," साहेब म्हणाले. "हरकतदारांना मान्य?"

सगळं सभागृह चौबळांकडे बघायला लागलं. चौबळ उजवीकडेच उभे होते. डावीकडे जाऊन उत्तर द्यावं की इथूनच, हे त्यांना सुचेना.

"मान्य," ते म्हणाले.

प्रांजलने शिट्टी मारली.

इथवर जे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. परवानगी मिळाली त्यानंतरच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी आली. ती अतिक्रमणवाल्यांची होती. त्यांनी गंगाबाईंची पाटी उचलली, बर्फाची पेटी उचलली, विळा उचलला. ताहेरभाईंच्या दुकानावरचं पत्र्याचं पुढं आलेलं छप्पर काढलं, त्याखाली टांगलेल्या कढया रस्त्यावर गडगडल्या. खाली ओरडा झाला तेव्हा चौबळ खिडकीत दात घासत होते.

गंगाबाई जिना चढून वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"चौबलदादा, मना उठवली. पाटी नेली, बरफ नेला. त्यानला इचारलं तं बोलतान, सातवं कलम हाय, खाली तुमची सई हाय." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे चौबळांना जास्तच कसंतरी झालं. "हाय का तुमची सई?"

"गंगाबाई, ते अतिक्रमण म्हणजे... ते मी तसं..."

"हाय का नाय, तवरंच सांगा."

"आहे."

"माझी सासू बसली तया, मंग मी बसली. आता कुठं बसू? तुमच्या वट्यावर बसू?" एवढं विचारून त्या निघून गेल्या.

त्या संध्याकाळी जेवणात दुधी होता. दुसऱ्या दिवशीही दुधी होता. किशोरीताईंना विचारायची सोय नव्हती. पेपर घेऊन चौबळ खाली गेले तर ताहेरभाई उन्हात खुर्ची टाकून बसलेले. डोक्यावर छप्पर नव्हतं. "या, चौबळसाहेब," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ताहेरभाईंनी त्यांना 'शैलेशभाई'खेरीज दुसरी हाक मारली नव्हती. चहा आला, पण तो कपबशीत आला. पाहुण्याला देतात तसा.

"ताहेरभाई, मी मुद्दाम केलं नाही हो."

"मालूम आहे. तुम्ही मुद्दाम काहीच करत नाही." ताहेरभाईंनी पेपर घडी न मोडता बाजूला ठेवला. "उत्सव तुम्हाला नको होता, तुम्ही आणला. आम्ही तुम्हाला हवे होतो म्हणता, आम्हाला उठवलंत. एवढा शिकलेला माणूस! खुदा के वास्ते, एकदा कुठल्या तरी एका बाजूला उभे राहा. कुठल्याही. आम्हाला कळू तरी द्या, सलाम कुठल्या दिशेला करायचा."

चौबळांनी चहा अर्धा ठेवला. वर जाऊन फाइल घेतली, खाली येऊन स्कूटर काढली. "बसा मागे," ते म्हणाले. ताहेरभाईंनी दुकानात शहाबानोला हाक मारली आणि मागे बसले. वाटेत स्कूटर चढावर बंद पडली. दोघांनी ती ढकलली.

प्रभाग कार्यालयात सुनावणीवाले साहेब केबिनमध्ये होते. त्यांनी ऐकून घेतलं. मिताली मॅडम फाइल घेऊन बाजूला उभ्या होत्या.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "अट परवानगीतली आहे. परवानगी तुम्ही परत करा, अट गेली. बाई बसतील त्यांच्या जागी, छप्परही बघू. उत्सव रद्द. एका सहीचं काम आहे." त्यांनी पेन पुढे केलं. "आणि तुमची हरकतही तीच होती, नाही का?"

चौबळ पेनकडे बघत राहिले. एका सहीत सगळं! खिडकीखाली शांतता, ताटात सुरमई आणि वर उपकारकर्त्याचा मान. गंगाबाई आशीर्वाद देतील. देव माणसाला इतकी सोयीस्कर सही क्वचितच देतो.

त्यांनी ताहेरभाईंकडे पाहिलं. ताहेरभाई खिडकीबाहेर बघत होते. दुकानासाठी त्यांनी नवी बिडाची भांडी मागवली होती, उत्सवात तव्यावर आंबोळ्या घालून दाखवायच्या म्हणून. प्रांजलने कामावरून रजा टाकली होती. घरी किशोरीताईंनी वाल भिजत घातले होते, आणि सकाळी जिन्यावर भेटलेल्या गंगाबाई म्हणाल्या होत्या, "मना बसवा, पण पोरीचा कारेक्रम मोडू नका. पोरगी सगल्यानला सांगून बसली हाय."

"नाही," चौबळ म्हणाले. "परवानगी परत करणार नाही. मी अर्जदार आहे."

"मग कलम सात राहणार."

"राहू द्या. पण ते नीट वाचा." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडायला फार जड गेलं. "ते कलम... सदोष आहे."

मिताली मॅडमनी मान वर केली.

"विम्यात एक नियम असतो," चौबळ सांगायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते. "कलम संदिग्ध असेल, तर ज्याने ते लिहिलं त्याच्या विरुद्ध वाचायचं. घोळ त्याने घातला, फायदा समोरच्याला. हे कलम मी लिहिलं. 'तत्पूर्वी' म्हटलंय. तत्पूर्वी म्हणजे केव्हापासून? महिनाभर? की पाच मिनिटं? मी लिहिलेलं नाही. 'अतिक्रमण' म्हणजे काय? तेही लिहिलेलं नाही. गंगाबाई सकाळी बसतात आणि ऊन चढायच्या आत उठतात. उत्सव संध्याकाळी. पाच मिनिटं आधी रस्ता मोकळा पाहिजे असेल, तर तो रोजच मोकळा असतो. छप्पर त्या दोन संध्याकाळी ताहेरभाई स्वतः उतरवतील, नंतर लावतील. माझ्या विरुद्ध वाचा, साहेब. त्यांच्या बाजूने वाचा."

साहेबांनी कलम पुन्हा वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "खरंच की! एवढी भगदाडं? तुम्ही तर म्हणाला होता, मसुद्यात बोट घालायला जागा नाही."

"म्हणालो होतो."

"मग तसं लिहून घ्यावं लागेल." आणि साहेब मॅडमना मोठ्याने मजकूर सांगू लागले. "अर्जदार श्री. चौबळ यांनी आपला मसुदा सदोष, संदिग्ध व घाईने केलेला असल्याचे..."

"घाईने नाही," चौबळ कळवळून म्हणाले.

"घाईने नाही म्हटलं तर मग अज्ञानाने लिहावं लागेल."

"...घाईने."

ज्या माणसाचा नकार ग्राहक मंचातसुद्धा टिकला, त्याने त्या मजकुराखाली सही केली. बाहेर येऊन ताहेरभाईंनी स्कूटरला किक मारली. चौबळांच्या अंगात ती मारायची ताकद उरली नव्हती.

"शैलेशभाई," ताहेरभाई म्हणाले, "बसा मागे. मी चालवतो."

गंगाबाईंची पाटी परत आली, विळाही आला. पेटीतला बर्फ तेवढा कुठल्या कायद्याने परत मिळणार नव्हता.

उत्सव झाला. कसा झाला याबद्दल डाळ गल्लीत अजून एकमत नाही. तळोज्याच्या नव्या इमारतींतून, उलव्यातून, कुठून कुठून माणसं आली. पहिल्याच संध्याकाळी जनरेटर बंद पडला आणि लाइव्ह म्युझिक अर्धा तास मेलं. चौबळांनी सुटकेचा श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की छातीवर 'मुख्य आयोजक' असा बिल्ला आहे आणि शंभर माणसं आपल्याकडे बघतायत. डिझेल आणायला ते स्वतः धावले. जीवनशेठच्या एका स्टॉलने दुसऱ्या स्टॉलशी भाव पाडण्यावरून भांडण केलं. ताहेरभाईंच्या तव्यावरची आंबोळी खायला रांग लागली आणि तवेही विकले गेले. शहाबानोची सांदणं आणि किशोरीताईंचं बिरडं दोन्ही संपलं. गंगाबाई नव्या लुगड्यात, आगरी गाण्यावर नातीबरोबर अशा नाचल्या, की ढोलवाला ठेका चुकला. चौबळांच्या खिडकीला बांधलेल्या स्पीकरने खिडकीचा एक काचतुकडा खाली आणला. तो त्यांनी झाडून बाजूला केला आणि तिथे कुणी पाय ठेवू नये म्हणून एक खुर्ची मांडून स्वतःच तिच्यावर बसले. गंमत म्हणजे खाली बसल्यावर आवाजाचा एवढा त्रास होत नव्हता. हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम ऐन रंगात असताना गर्दीतून एक गृहस्थ वाट काढत आले. पायजमा, वर बनियन, चेहरा लालबुंद.

"कोण आहे इथला आयोजक?"

"मी," चौबळ उठले.

"मी मागच्या गल्लीत राहतो. काल दुपारपासून अख्ख्या पनवेलचे सगळे टेम्पो माझ्या दारावरून चाललेत! माझी गाडी आत, मी आत, बायको माहेराहून आली ती नाक्यावर उभी! कुणी वळवली ही वाहतूक? कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

पान तीन. चौबळांनी ते रात्री जागून लिहिलं होतं, हवालदारांपुढे जिंकलं होतं. माणसाचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

"मी उद्या हरकत घेणार आहे!" गृहस्थ म्हणाले आणि बनियनच्या आतून एक कागद काढला. "ही बघा! लिहूनच आणलीय!"

चौबळांनी कागद घेतला. स्टेजच्या उजेडात धरून वाचला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या.

"छे, छे, छे," ते म्हणाले. "'खूप त्रास झाला' म्हणजे काय? किती? कुणाला? कधी? हे खिडकीवरच परत करतील तुम्हाला. बसा. बसा इथे." त्यांनी स्वतःची खुर्ची त्या माणसाला दिली, खिशातून पेन काढलं आणि कागद गुडघ्यावर ठेवून उकिडवे बसले. "पहिल्या वाक्यातच वाहतूक आराखड्यावर घाव घाला. पान तीन म्हणा. तो आराखडा कच्चा आहे, मला ठाऊक आहे."

बिरड्याच्या रिकाम्या पातेल्यामागून किशोरीताईंनी हे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून ढोलाच्या वर आवाज काढला, "अहो! तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"आयोजकांच्या!" चौबळ मान वर न करता ओरडले. "पण म्हणून काय समोरच्याची हरकत अशुद्ध राहू द्यायची?"